टेक्स्चर टाकलं की चेहरा मळका का होतो? फिल्टर बदलण्याआधी टेक्स्चर तपासा

तुम्ही फोटो पाठवून विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. नाशिकच्या पंचवटीतल्या एका जुन्या वाड्यात तुम्ही मामेबहीण आणि होणाऱ्या भाऊजींचे फोटो काढलेत. त्यावर नेटवरून उतरवलेलं जुन्या कागदाचं टेक्स्चर ओव्हरले मोडमध्ये (वरचा लेयर खालच्यात मिसळण्याची एक पद्धत, म्हणजे ब्लेंड मोड) टाकलंत आणि वरून एक तयार विंटेज फिल्टर चढवलात. मोबाइलवर सगळ्यांनी वाहवा केली. १२ × १८ इंची प्रिंट हातात आली तेव्हा मात्र चेहरा पिवळट आणि डागाळलेला, पैठणीचा पदर गढूळ आणि कोपरे काळेठिक्कर. आता तुम्ही विचारताय, 'कोणता फिल्टर लावू आणि कोणता टेक्स्चर पॅक विकत घेऊ?'

पॅकचं शेवटी बोलू. फिल्टर बदलून यातलं काहीही सुटणार नाही, कारण बिघाड फिल्टरमध्ये नाहीच. तुम्ही फोटोवर कागदाचा पोत टाकायला गेलात आणि पोताबरोबर त्या कागदाचा रंग, त्याचा उजेड आणि त्याच्या कडांचा काळपटपणा असं सगळंच फोटोवर आलं. शिवाय ते टेक्स्चर किती मोठ्या प्रिंटसाठी आहे हे तुम्ही पाहिलं नाहीत. हे दोन्ही सुधारलं की तोच फोटो चालून जाईल.

आधी एक मान्य करतो. खाली जे आकडे देतोय ते आमच्या अल्बमच्या कामातले आहेत. तुमची फाइल रॉ आहे की जेपेग, प्रिंट ग्लॉसी कागदावर आहे की मॅटवर, फोटोतला उजेड कडक होता की चौकातून झिरपलेला, यावर ते वरखाली होतील. आकडे पाठ करू नका, ते तसे का येतात तेवढं बघा.

आता फोटोशॉपमध्ये एक छोटा प्रयोग करा. तुमचं कागदाचं टेक्स्चर वेगळं उघडा आणि फिल्टर मेनूतल्या ब्लरमध्ये जाऊन 'ॲव्हरेज' लावा. सगळे डाग, सुरकुत्या आणि रेषा जाऊन एकच सपाट रंग उरेल. जुन्या कागदाचा तो (० ते २५५ च्या मापात) साधारण लाल २१०, हिरवा १९०, निळा १५५ असा येतो, म्हणजे मळकट फिकट पिवळा. तुम्ही पूर्ण चेहऱ्यावर जो लेप दिलात तो हाच.

त्याचा हिशेबही सोपा आहे. ओव्हरले मोडमध्ये खालचा फोटो मधल्या राखाडीपेक्षा उजळ असेल तिथे टेक्स्चर त्याला आणखी उजळ करायला बघतं आणि गडद असेल तिथे गुणाकाराने काम करतं. त्वचेचा एक ठिपका घ्या: लाल १९०, हिरवा १४५, निळा १२०. शंभर टक्के ऑपॅसिटीने, म्हणजे लेयर पूर्ण दाट ठेवून, वरचा सरासरी रंग त्यावर ओव्हरले केला की तो साधारण २३२, १९९, १४६ होतो. लाल जवळजवळ टोकाला गेला, हिरवा सगळ्यात जास्त चढला, निळा मागे राहिला. गव्हाळ चेहरा फिका पिवळा झाला तो इथे. ही झाली कागदाच्या स्वच्छ भागाची गोष्ट. कागदावर जिथे चहाच्या डागासारखा तपकिरी ठिपका होता, तिथे तोच गाल एकदम खाली येऊन मातकट होतो. फिकट पिवळा आणि मातकट हे शेजारी शेजारी आले की डोळ्याला कागद दिसत नाही, त्वचारोग दिसतो. कोपऱ्यांचंही तसंच. जुन्या कागदाच्या कडा काळवंडलेल्या असतात, त्यामुळे तिथे फोटोतली सावली आणखी खाली दाबली जाते. मोबाइलच्या उजळ स्क्रीनवर तो फरक कळतो, पण बहुतेक अल्बम पेपरवर १५-२०च्या खालचे टोन एकाच काळ्यात मिसळून जातात.

यातून एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी निघते. प्रत्येक ब्लेंड मोडमध्ये एक टोन असा असतो की तो फोटोवर काहीच परिणाम करत नाही. मल्टिप्लायमध्ये पांढरा, स्क्रीनमध्ये काळा, ओव्हरले आणि सॉफ्ट लाइटमध्ये मधला राखाडी, म्हणजे १२८. म्हणून काळ्या पार्श्वभूमीवरची धूळ, पावसाचे थेंब किंवा दिव्यांचे धूसर गोळे स्क्रीनमध्ये बिनबोभाट बसतात. पांढऱ्या कागदावरचे शाईचे शिंतोडे मल्टिप्लायमध्ये बसतात. ओव्हरले किंवा सॉफ्ट लाइटसाठी मात्र टेक्स्चरची सरासरी १२८च्या जवळ हवी. बाजारात मिळणारी बहुतेक टेक्स्चर तशी नसतात. ती नुसती बघायला छान दिसतात, आणि म्हणूनच विकली जातात.

तेव्हा पहिलं काम टेक्स्चरवर करायचं, फोटोवर नाही. गडद रंगाची नवी सुती साडी आपण बाकीच्या कपड्यांबरोबर भिजवायच्या आधी एकदा वेगळी धुतो, तसंच हे. टेक्स्चरचा लेयर घ्या, डीसॅच्युरेट करा, म्हणजे त्यातला रंग काढून टाका. मग फिल्टर मेनूतल्या 'अदर'मध्ये 'हाय पास' आहे, तो लावा. त्याचं काम एवढंच, की ठरलेल्या रेडियसपेक्षा मोठे उजेड-सावलीचे पट्टे तो काढून टाकतो आणि बारीक तपशील मधल्या राखाडीवर ठेवतो. ५४०० पिक्सेल लांबीच्या फाइलसाठी मी रेडियस ४० ते ६०च्या आसपास ठेवतो. सुरकुत्या आणि तंतू राहतात, काळवंडलेल्या कडा आणि मोठे डाग जातात. हे झाल्यावर लेयर मरगळलेला दिसेल, घाबरू नका. लेव्हल्समध्ये दोन्ही टोकं सारखीच आत ओढा, पण मधला स्लायडर हलवू नका. पुन्हा एका कॉपीवर ॲव्हरेज लावून पाहा: १२८च्या आसपास राखाडी आला की टेक्स्चर तयार. आता ते सॉफ्ट लाइटमध्ये टाका आणि ऑपॅसिटी शून्यापासून वर आणत २०-३५ टक्क्यांवर थांबा. शंभरावरून खाली येऊ नका. वरून उतरताना डोळा फसतो आणि साठ टक्केही कमी वाटायला लागतात.

फोटोशॉप नसेल तर गिंपमध्ये २.१० पासून हाय पास आहे. फोटोपी ब्राउझरमध्ये चालतं आणि त्याचे मेनू जवळपास फोटोशॉपसारखेच आहेत. मोबाइलवर स्नॅपसीडच्या डबल एक्सपोझरने टेक्स्चर टाकता येतं, पण ते धुण्याची सोय तिथे नाही. तिथे टाकायचंच असेल तर टेक्स्चर आधी संगणकावर तयार करून मोबाइलवर न्या.

तुम्ही म्हणाल, मला तो जुना पिवळा रंग हवाच होता. हवा असेल तर जरूर आणा, पण वेगळ्या लेयरवर. 'सॉलिड कलर' लेयर घ्या, कागदाचा रंग निवडा, सॉफ्ट लाइटमध्ये दहा-पंधरा टक्के ठेवा आणि चेहऱ्यावर मास्कने (लेयरचा हवा तो भाग झाकण्याची सोय) निम्मा करा. कोपरे गडद हवेत तर कर्व्ह्जचा लेयर घेऊन त्याचा मास्क तुमच्या जोडप्याभोवती रंगवा. कागदाच्या कडा कागदाच्या मध्याभोवती गडद असतात, आणि तुमचं जोडपं फ्रेमच्या मध्यावर असेलच असं नाही. तुम्ही पाठवलेल्या फोटोत ते डाव्या खांबाशी आहे, म्हणूनच भाऊजींच्या खांद्यावर अंधार पडलाय. पोत, रंग आणि कडा या तिन्हींना आपापला लेयर मिळाला की कुठलं किती ठेवायचं ते तुमच्या हातात येतं. ग्राहक 'जरा कमी पिवळं करा ना' म्हणाला तर एकच स्लायडर हलवायचा असतो.

आता मापाचं. ३०० पीपीआयला (एका इंचात ३०० पिक्सेल) १२ × १८ इंच म्हणजे ३६०० × ५४०० पिक्सेल. तुमचं टेक्स्चर १९२० पिक्सेलचं आहे. ते ताणून जवळपास तिप्पट केलंत, त्यामुळे कागदाचा तंतू दोरीएवढा झाला आणि सुईच्या टोकाएवढा ठिपका तिळाएवढा. मोबाइलवर तोच फोटो लहान होऊन दिसतो, बारीकसारीक गोष्टी एकमेकींत मिसळतात आणि उरतो फक्त रंगाचा मूड. वाहवा त्या मूडला मिळाली होती. व्हॉट्सॲपने पाठवताना तर फोटो आणखी दाबला जातो आणि ग्रेनचा चिखल होतो. म्हणून शेवटचं माप आधी ठरवा आणि टेक्स्चर त्या मापात १०० टक्के झूमवर बघा. एकच फोटो इन्स्टाग्रामलाही द्यायचा आणि भिंतीवरही लावायचा असेल तर टेक्स्चरच्या दोन वेगळ्या मात्रा लागतील. टेक्स्चर स्मार्ट ऑब्जेक्ट (मूळ तपशील न गमावता लहान-मोठा करता येणारा लेयर) करून ठेवलंत तर हे सोपं जातं. फ्लेक्सची तऱ्हा उलटी. तो लांबून बघितला जातो, बारीक पोत तिथे दिसतच नाही. तिथे टेक्स्चर हवंच असेल तर ठसठशीत घ्या, नाहीतर घेऊच नका.

चेहऱ्यावरून टेक्स्चर पूर्ण पुसू नका. नवशिक्यांच्या अल्बममध्ये हे लगेच ओळखू येतं: भिंत, खांब, साडी सगळं जुनाट आणि मध्ये दोन गुळगुळीत चेहरे, जणू दुसऱ्या फोटोतून कापून चिकटवलेले. मास्कवर मऊ ब्रश, काळा रंग आणि फ्लो वीस टक्के घेऊन हळूहळू घासा, आणि पोत एक तृतीयांशाच्या आसपास राहू द्या. डोळे, ओठ आणि दात एवढेच स्वच्छ ठेवा. त्याआधी लेयर स्टाइलमधलं 'ब्लेंड इफ' वापरून बघा. तिथे खालच्या लेयरच्या पट्टीवरचा काळा आणि पांढरा स्लायडर ऑल्ट दाबून दोन भागांत तोडता येतो. सावल्या आणि चमक यांच्यावरून टेक्स्चर त्यामुळे आपोआप विरळ होतं, आणि मास्क रंगवण्याचं निम्मं काम वाचतं.

पैठणीबद्दल मी जरा कडक आहे. येवल्याचा पदर म्हणजे विणकराने धाग्याधाग्याने केलेलं काम, मोर, मुनिया आणि जरीच्या बारीक रेषा. हे सगळं आधीच एक टेक्स्चर आहे. त्यावर कागदाचे तंतू टाकले की दोन बारीक जाळ्या एकमेकींवर येतात, जर चमकायची थांबते आणि रेशीम सुती दिसायला लागतं. फोटो लहान करताना तिथे मोआरेच्या, म्हणजे मूळ कापडात नसलेल्या नक्षीच्या लाटाही उठू शकतात. पदर आणि काठ मास्कने जवळजवळ पूर्ण मोकळे करा, दहा टक्क्यांपेक्षा जास्त काही ठेवू नका. ज्या घरात ती साडी घेतली त्या घरातल्या बायका फोटोत आधी पदर बघतात, मग नवरी. अल्बम दाखवायला बसलात की कळेल.

तयार विंटेज फिल्टरचं एवढंच सांगतो, की प्रीसेट ठरलेले आकडे लावतो, तुमचा फोटो बघून नव्हे. सोमेश्वरच्या धबधब्याशी दुपारी काढलेला फोटो आणि वाड्याच्या माजघरातला फोटो यांवर एकच प्रीसेट लावलात तर एक उडणार आणि एक बुडणार. आधी सगळ्या फोटोंचं एक्सपोझर आणि व्हाइट बॅलन्स एका पातळीवर आणा, मग प्रीसेट लावा आणि अर्ध्यावर ठेवा. फिल्टर गॅलरीतले वॉटरकलरवाले प्रकार मला अजिबात आवडत नाहीत. ते १६ बिट (जास्त रंगछटा साठवणाऱ्या) फाइलवर चालतही नाहीत, ८ बिटमध्ये उतरावं लागतं आणि मग आकाशाच्या छटेत पट्टे पडायची भीती.

लाइटरूम किंवा कॅमेरा रॉमधला टेक्स्चर नावाचा स्लायडर ही वेगळीच चीज आहे. २०१९ साली तो आला. तो बाहेरून काही टाकत नाही, फोटोत आहे तोच मध्यम आकाराचा तपशील उठवतो किंवा बसवतो. क्लॅरिटी त्याहून मोठ्या भागाचा, मुख्यतः मिडटोनचा कॉन्ट्रास्ट वाढवते. डीहेझ धुकट पडदा काढतो. त्वचेला टेक्स्चर उणे दहा-पंधरा पुरतं, क्लॅरिटी प्लस कधीच नको. आपल्याकडचं एक उदाहरण देतो. द्राक्षांच्या हंगामात पॅकहाउससाठी किंवा बागायतदारांच्या कॅटलॉगसाठी फोटो लागतात. चांगल्या ताज्या द्राक्षमण्यावर मेणाचा पांढुरका थर असतो, तो ताजेपणाची खूण. उत्साहाच्या भरात कुणी क्लॅरिटी आणि टेक्स्चर चाळीस-पन्नासवर नेतं आणि तो थर खडबडीत, ठिपक्याठिपक्यांचा दिसायला लागतो. बागायतदार फोटो बघून पहिला शब्द काढतो, 'भुरी (पांढऱ्या बुरशीचा रोग) आलीय का?' माल ठणठणीत, पण फोटोत रोग. निफाडकडचा पहाटेचा धुक्यातला बाग आणि त्यावर डीहेझ, हीसुद्धा तशीच जोडी. धुकं घालवायचं होतं तर दुपारी जायचं.

आणि जिथे दगड बोलतोय तिथे गप्प बसावं. गोदाघाटावरच्या काळ्या पायऱ्या किंवा १७४७ सालचं नारोशंकराचं मंदिर मागे असताना वरून ग्रंज (मळकट, खरवडलेलं) टेक्स्चर टाकणाऱ्यांचं मला नवल वाटतं. पावणेतीनशे वर्षांच्या बांधकामाला अजून किती जुनं करणार? तिथे बाजूने येणारा उजेड असेल अशी वेळ निवडा आणि संगणकावर फक्त सावल्या किंचित उघडा.

तुमच्या फाइलसाठी क्रम सांगतो. मूळ फोटोवर परत जा. एक्सपोझर आणि व्हाइट बॅलन्स, नॉइज कमी करायचा असेल तर तोही तेव्हाच. मग त्वचेचं रिटचिंग, मग रंगाचा मूड, मग धुतलेलं टेक्स्चर, मास्क, ब्लेंड इफ. शेवटी प्रिंटचं माप आणि सगळ्यात शेवटी शार्पनिंग. आधी शार्प करून वर टेक्स्चर टाकलं तर चेहरा एका धारेचा आणि पोत दुसऱ्या धारेचा दिसतो. आणि टेक्स्चर टाकल्यावर नॉइज रिडक्शन करणं म्हणजे आपणच टाकलेलं आपणच पुसणं.

पूर्ण १२ × १८ पुन्हा छापू नका. फाइल तयार झाली की चेहरा आणि पदराचा थोडा भाग येईल असा ६ × ४ इंचाचा, म्हणजे १८०० × १२०० पिक्सेलचा तुकडा कापा. तो लहान करायचा नाही, ३०० पीपीआयलाच ठेवायचा. लॅबमधून त्याच कागदावर एक प्रिंट काढा. थोड्या रुपयांत मोठ्या प्रिंटमध्ये काय दिसणार ते हातात येतं. फाइल एसआरजीबी या रंगपद्धतीत द्यायची की आणखी कशात ते लॅबलाच विचारा. कागद कॅनव्हास किंवा लिनन फिनिशचा घेणार असाल तर टेक्स्चर निम्म्यावर आणा, कारण कागदाचा स्वतःचा पोत त्यात मिळणार आहे.

आता पॅक. विकत घ्यायला माझी हरकत नाही, पण तुम्ही वाड्यात शूट करता आणि टेक्स्चर मात्र कुठल्यातरी परक्या भिंतीचं आणता, हे बरोबर नाही. फुकटच्या टेक्स्चरमध्ये व्यावसायिक वापराची परवानगी आहे का ते वाचायची कटकटही असतेच. त्याच वाड्यात चुन्याचा गिलावा आहे, तुळईचं लाकूड आहे, जोत्याचा दगड आहे. वाड्याच्या मालकांना विचारा आणि पुढच्या वेळी जोडप्याचे फोटो संपल्यावर थोडा वेळ भिंतींसाठी ठेवा. कॅमेरा भिंतीला अगदी समांतर धरा, ५० एमएम किंवा त्याहून लांब लेन्स, एफ ८, रॉ. साधा पोत हवा तर सावलीतली भिंत घ्या. उठाव हवा तर सकाळ-संध्याकाळचा भिंतीला घासून जाणारा उजेड पकडा. दुसऱ्या प्रकारात उजेडाची बाजू जपावी लागते. फोटोत चौकाचा उजेड डावीकडून आणि टेक्स्चरमधला उजवीकडून असेल तर भिंतीचे उंचवटे खड्डे वाटायला लागतात. तेव्हा टेक्स्चर आडवं फ्लिप करा. फाइलच्या नावातच जागा आणि उजेडाची बाजू लिहून ठेवा, म्हणजे ऐन घाईत शंभर फाइली उघडून बघायची वेळ येत नाही.